कबड्डीचा कोच आणि तीस सेकंद

आनंदनगरातल्या सामन्यांत लायनीबाहेरून जास्त ओरडतो तोच भारी कोच, असं होस्टेलवर मानतात. मला पटत नाही. टाइम आऊट ३० सेकंदांचा, म्हणजे एका चढाईएवढा. तेवढ्यात शिकवणी होत नाही, एकच गोष्ट सांगता येते. ती कोणती, हे कळायला कोचच्या डोक्यात हिशेब तयार हवा. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने आत येतात. मुख्य चढाईपटू रांगेत तिसरा असेल, तर समोरचे तीन गडी टिपेपर्यंत तो बसूनच! बोनसने गुण मिळतो, पण आत कुणी येत नाही. त्यात मैदानात दोघेच उरले असतील तर लोणाचे २ जादा गुण डोक्यावर.

नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या महिला संघाला शिकवताना फारसी शिकून घेतली. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच संघाने अंतिम सामन्यात भारताला २७-२४ हरवलं. (वाईट वाटलंच!) दुभाषा लागला असता तर निम्मा टाइम आऊट भाषांतरातच गेला असता.

आपल्याकडे भाषा एकच, पण कोच, कॅप्टन आणि दोन सिनियर एकदम बोलतात. शिट्टी वाजते, आणि कोपरारक्षक विचारतो, "नक्की करायचं काय?"