व्हॉल्व्हवरचा नाहक आळ

जुन्या व्हॉल्व्हच्या गिटार-ॲम्प्लिफायरमध्ये काही बिघाड झाला की प्रथम संशय व्हॉल्व्हवरच घेतला जातो, आणि त्याचे कारण मला एवढेच दिसते की त्या सबंध पेटीत डोळ्यांना प्रकाशताना दिसणारी व हाताने सहज उपसून काढता येणारी तेवढीच एक वस्तू असते. माझ्या मेव्हण्यांनी अमेरिकेहून आणलेला, 1960 च्या सुमारास घडविलेला व 6व्ही6 ह्या एकाच आउटपुट-व्हॉल्व्हवर चालणारा लहानसा ॲम्प्लिफायर मुंबईत घुमू लागला, तेव्हा ज्या कारागिराच्या हवाली तो केला त्याने ह्याच रिवाजास अनुसरून तिन्ही व्हॉल्व्ह बदलले, जुने केरात टाकले आणि आपली रक्कम वसूल केली. घुमणे मात्र तसूभरही हटले नाही, आणि पुढे नव्या 6व्ही6 ची प्लेट निखाऱ्यासारखी लाल होऊन तोही निकामी झाला.

पेटी उघडून मीटर लावल्यावर निराळेच आढळले. वीजपुरवठ्यातील फिल्टर कंडेन्सर मूळचेच होते, आणि आतील रसायन वर्षानुवर्षे शुष्क होत गेल्यामुळे पुरवठ्यातील चढउतार शमविण्याचे सामर्थ्य त्यांच्यात उरले नव्हते. आपली वीज 50 सायकलची असल्याने रेक्टिफायरमागून उमटणारी ही घरघर 100 सायकलची होते, आणि व्हॉल्यूमचे बटण शून्यावर नेले तरी ती ओसरत नाही. एवढ्या खुणांवरून कंडेन्सरविरुद्ध फिर्याद दाखल करावयास हरकत नाही. दुसरा अपराधी कपलिंग कंडेन्सर. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरील उच्च दाब 6व्ही6 च्या ग्रिडपर्यंत पोहोचू न देणे हे त्याचे काम. तो झिरपू लागला की ग्रिड धन होते, प्रवाह बेसुमार वाढतो आणि प्लेट तापते. 6व्ही6 काढून घेऊनही त्याच्या पाचव्या पिनेच्या जागी धन दाब दिसत असेल, तर तेथे नवा व्हॉल्व्ह बसविणे म्हणजे त्याचा जाणूनबुजून बळी देणे होय.

तथापि ह्या पेटीत हात घालण्याचा अधिकार सर्वांस नाही. प्लग काढल्यावरही कंडेन्सरांत तीनशेहून अधिक व्होल्टचा प्राणघातक दाब शिल्लक राहू शकतो. तो योग्य रेझिस्टन्समधून उतरवून, मीटरने खातरजमा केल्याखेरीज बोट आत नेऊ नये. त्या काळच्या अमेरिकन ॲम्प्लिफायरांना बहुधा दोनच पिनांची वायर असे, आणि पुष्कळांत विजेच्या तारेपासून चॅसिसपर्यंत एक लहानसा कंडेन्सर जोडलेला असे. तो शॉर्ट झाल्यास चॅसिस व तिच्याशी जोडलेल्या गिटारच्या तारा जिवंत होतात. तो काढून टाकून तीन पिनांची वायर व अर्थिंग करवून घ्यावे. आपल्याकडील 230 व्होल्ट उतरविण्यासाठी बाजारात मिळणारे स्टेप-डाउन पुष्कळदा ऑटो-ट्रान्सफॉर्मर जातीचे असल्यामुळे ते ह्या बाबतीत कोणतेही संरक्षण देत नाहीत, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

दुरुस्तीनंतरची पहिली वीज फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावूनच द्यावी. बल्ब लखलखीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजून तत्काळ बंद करावे. स्पीकर सोडवून मात्र चालू करण्यास सक्त मज्जाव आहे, कारण त्या स्थितीत आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचे भय असते, आणि तसा मूळचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळविणे फार कठीण.

आमची घरघर अखेर नव्या कंडेन्सरांनी, अगदी किरकोळ खर्चात थांबली; केरात गेलेले जुने व्हॉल्व्ह बहुधा निर्दोष होते, पण त्याची शहानिशा आता होणे नाही. म्हणून आपली पेटी कारागिराकडे सोपविताना, काढलेला प्रत्येक भाग, मग तो त्याच्या मते कितीही निरुपयोगी असो, परत करण्याची अट पावतीवर लिहवून घ्यावी.