कामगंध सापळ्यांच्या नोंदींचा आलेख संगणकावर कसा काढावा?

कपाशीत कामगंध सापळे लावून सापडलेल्या पतंगांची नोंद वहीत ठेवणे ही चांगली सवय आहे. मात्र नुसत्या आकड्यांवरून फवारणी करावी की थांबावे, हे चटकन ध्यानात येत नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातील कपाशीचे मोठे नुकसान केले. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. उलट गरज नसताना फवारल्यास पैसा वाया जातो, मित्रकीटक मरतात आणि फवारणी करणाऱ्याच्या प्रकृतीलाही धोका असतो. म्हणून वेळ अचूक साधणे महत्त्वाचे. त्यासाठी आलेखात पतंगांच्या संख्येबरोबर आर्थिक नुकसानीच्या संकेत पातळीची रेषाही काढावी. एक्सेलमध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये हे काम सहज होते.

संकेत पातळी कोणती?

गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणासाठी हेक्टरी ५ सापळे लावावेत. प्रति सापळा प्रति रात्र सरासरी ८ किंवा अधिक पतंग सलग ३ रात्री आढळल्यास संकेत पातळी ओलांडली असे समजावे.

नोंदींचा तक्ता

१) 'ए' रकान्यात तारीख, 'बी' ते 'एफ' या रकान्यांत ५ सापळ्यांतील पतंग, 'जी' मध्ये सरासरी व 'एच' मध्ये संकेत पातळी ठेवावी. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे लिहावीत.

२) सरासरीसाठी 'ऑटोसम' बटणाशेजारच्या बाणावर टिचकी मारून 'एव्हरेज' निवडावे. त्यात 'बी' ते 'एफ' एवढेच रकाने आले आहेत याची खात्री करावी. तारखेचा रकाना त्यात येता कामा नये.

३) 'एच' रकान्यात प्रत्येक ओळीत ८ हाच आकडा भरावा. आलेखातील आडवी रेषा यातूनच तयार होते.

४) सापळा पडला किंवा नोंद राहिली, तर ती चौकट रिकामी सोडावी, तेथे ० लिहू नये. रिकामी चौकट सरासरीत धरली जात नाही, परंतु ० धरले जाते व सरासरी खोटी उतरते.

५) सापळा ३ रात्रींनी एकदा पाहिला असल्यास पतंगांच्या संख्येला ३ ने भागून येणारा आकडा लिहावा. एका सापळ्यात ३ रात्रींत मिळून १५ पतंग म्हणजे प्रति रात्र ५ पतंग होत. मात्र सलग ३ रात्रींची खात्री करण्यासाठी रोजची नोंदच घ्यावी.

आलेखाची कृती

प्रथम 'ए' रकान्यातील नोंदी निवडाव्यात. नंतर 'कंट्रोल' कळ दाबून धरून 'जी' व 'एच' मधील नोंदी निवडाव्यात. एक्सेलमध्ये 'इन्सर्ट' मधून 'रेकमेंडेड चार्ट्स', पुढे 'ऑल चार्ट्स' व त्यात 'कॉम्बो' घ्यावे. सरासरीसाठी 'क्लस्टर्ड कॉलम' आणि संकेत पातळीसाठी 'लाईन' निवडावे. कॅल्कमध्ये 'इन्सर्ट' मधून 'चार्ट' घेऊन 'कॉलम अँड लाईन' हा प्रकार निवडावा. रेषेवर दोनदा टिचकी मारून तिला लाल रंग द्यावा. उभा अक्ष ० पासून सुरू होतो ना, हे पाहावे. दोन शेतांची तुलना करावयाची असल्यास दोन्ही आलेखांत उभ्या अक्षाची कमाल मर्यादा सारखी ठेवावी.

आलेख कसा वाचावा?

समजा, सलग ७ रात्रींची सरासरी ३, ५, ९, ६, ८, ९ व ११ आली. तिसऱ्या रात्रीचा स्तंभ रेषेच्या वर दिसतो, पण चौथ्या रात्री तो पुन्हा खाली येतो. एवढ्यावर फवारणीची घाई करू नये. पाचव्या, सहाव्या व सातव्या रात्री मात्र तिन्ही स्तंभ रेषेला टेकले किंवा वर गेले आहेत. उपाययोजनेची वेळ आली, असा याचा अर्थ. वहीतील आकड्यांत हा फरक नजरेतून निसटतो, रेषेमुळे तो लगेच दिसतो.

सापळ्यात फक्त नर पतंग येतात. म्हणून आलेखाच्या जोडीला शेतातील पाहणीही करावी. डोमकळ्या मोजाव्यात, तसेच वेगवेगळ्या झाडांवरील २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. फुलांत किंवा बोंडांत १० टक्के प्रादुर्भाव हीसुद्धा संकेत पातळीच आहे. ही टक्केवारी पतंगांच्या आलेखात घालू नये. ८ पतंग व १० टक्के ही मापे वेगळी असल्याने वाचताना गोंधळ होतो. तिच्यासाठी १० ची रेषा असलेला दुसरा आलेख काढावा.

नेहमी होणाऱ्या चुका

• तारीख चुकीच्या पद्धतीने लिहिल्यास संगणक ती मजकूर समजतो. खरी तारीख चौकटीत आपोआप उजवीकडे सरकते. ती डावीकडे राहिल्यास दुरुस्त करावी.
• नवीन नोंदी भरल्यावर त्या आलेखात आल्या की नाही, हे तपासावे.
• ल्यूर वेळेवर न बदलल्यास पतंग कमी सापडतात व आलेख फसवा ठरतो. ल्यूर बदलल्याची तारीख तक्त्यात अवश्य लिहावी.

तक्ता दर हंगामाचा वेगळा जपून ठेवावा. पातळी ओलांडल्यावर कीटकनाशकाची निवड पिकाच्या अवस्थेनुसार व कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे करावी. सल्ल्यासाठी जाताना हा आलेख सोबत न्यावा, म्हणजे तज्ज्ञांनाही आपल्या शेताची स्थिती नेमकी समजेल.