पायांचे रक्ताभिसरण : तेंदूच्या पानापासून मूळपेशीपर्यंत

आमच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या रानात उन्हाळा लागण्यापूर्वी तेंदूची झुडुपे छाटतात. छाटलेल्या खुंटाला थोड्याच दिवसांत कोवळे, तांबूस फुटवे येतात. त्यांची पाने एप्रिल-मे महिन्यांत खुडून, पन्नास-पन्नास पानांची पुडकी बांधून फळीवर वाळत घालतात. याच पानात चिमूटभर तंबाखू गुंडाळली की बिडी झाली. निर्मल-निजामाबादकडे कित्येक घरांची चूल बिड्या वळून मिळणाऱ्या मजुरीवर पेटते. तेव्हा बिडीविरुद्ध लिहिताना आमचा हात आखडतो, हे आधीच कबूल करतो. परंतु पायांच्या रक्ताभिसरणाचा विषय निघाला की बिडीला वगळून पुढे जाता येत नाही.

आपले हृदय स्वस्थ स्थितीत मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त बाहेर लोटते. पायांकडे जाणारी धमनी मांडीतून गुडघ्यामागे व तेथून पोटरीत उतरते आणि फाटे फुटत फुटत बोटांपर्यंत बारीक होत जाते. ही वाट अरुंद झाली की प्रथम चालताना कळते. शेतावर जाताना ठराविक अंतर चालले की पोटरी भरून येते, गोळा येतो. बांधावर घटकाभर टेकले की कळ थांबते. पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा तीच गत. घरची मंडळी हा वात समजून तेल चोळत बसतात. पुढे रात्री निजल्यावरही कळा येऊ लागतात आणि रोगी पाय खाटेखाली लोंबता सोडून बसून रात्र काढतो, कारण पाय खाली सोडला की थोडे अधिक रक्त उतरते. त्याही पुढची अवस्था म्हणजे न भरणारी जखम, काळे पडलेले बोट आणि अखेर शस्त्रवैद्याची करवत.

उतारवयात, विशेषतः मधुमेह्यांत, धमनीच्या आतील बाजूस चरबीचे थर साचून हे घडते. परंतु विशी-तिशी-चाळिशीतील धडधाकट माणसालाही हे का व्हावे? ऑस्ट्रियन शस्त्रवैद्य फेलिक्स फॉन विनिवार्टर याने 1879 साली अशा एका रोग्याच्या पायाचे वर्णन केले. पुढे 1908 साली न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर याने कापलेले अनेक पाय सूक्ष्मदर्शकाखाली तपासून या व्याधीची ओळख पक्की केली, म्हणून तिला बर्गरचा रोग म्हणतात. तीत लहान धमन्यांना व शिरांना सूज येऊन आत रक्ताच्या गुठळ्या बसतात. हा रोग जवळजवळ सर्वस्वी तंबाखू सेवन करणारांचा आहे. आपल्या देशात त्यात बिडीचा वाटा मोठा. आजार पार टोकाच्या बारीक वाहिन्यांत असल्यामुळे तुंबलेल्या भागाला वळसा घालून नवी नळी जोडण्याची शस्त्रक्रियाही पुष्कळदा करता येत नाही.

मग शरीराकडूनच नव्या वाहिन्या करवून घेता येतील काय? या कल्पनेचे मूळ जुने आहे. इंग्रज शस्त्रवैद्य जॉन हंटर याने हरणाच्या वाढत्या शिंगाला रक्त पुरविणारी धमनी बांधून टाकली, अशी हकीकत सांगतात. शिंग थंड पडले. परंतु काही दिवसांनी पाहतो तो ते पुन्हा उबदार! आजूबाजूच्या बारीक फाट्यांनी रुंद होऊन रक्ताची वाट मोकळी केली होती. 1785 साली हंटरने एका गाडीवानाच्या गुडघ्यामागील फुगलेल्या धमनीसाठी मांडीतील धमनी बांधली आणि त्याचा पाय वाचला. तेंदूच्या खुंटाने बाजूने फुटावे, तसाच हा प्रकार.

या फुटव्यांना चालना देण्याचा प्रयत्न आपल्या काळात झाला. 2002 साली जपानी वैद्यांनी रोग्याच्याच अस्थिमज्जेतील पेशी काढून त्याच्या पोटरीच्या स्नायूंत टोचल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. आपल्याकडे बंगळूरच्या स्टेम्प्यूटिक्स या संस्थेने निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतून एका जातीच्या मूळपेशी वाढवून ‘स्टेम्प्यूसेल’ हे औषध तयार केले. बर्गरच्या 90 रोग्यांवर केलेल्या चाचणीत वेदना कमी होऊन जखमा भरून येण्यास मदत झाल्याचे दिसले. औषधास 2016 साली मर्यादित आणि 2020 साली अधिक व्यापक मान्यता मिळाली. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. टोचलेल्या पेशी स्वतः रक्तवाहिनी बनतात असे नव्हे. त्या काही द्रव्ये स्रवतात आणि त्या द्रव्यांच्या हाकेला ओ देऊन शेजारच्या वाहिन्यांना फाटे फुटतात.

तरीही हुरळून जावे अशी स्थिती नाही. हॉलंडमध्ये 160 रोग्यांवर एक काटेकोर चाचणी झाली. तिचा निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या धमनीत त्यांच्याच मज्जेतील पेशी सोडल्या, निम्म्यांना दिसायला तसेच पण पेशींविना द्रव दिले. पाय कापावे लागण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही; आणि गंमत अशी, की बरे वाटण्यातही दोन्ही गट सारखेच निघाले! जपानमध्ये याच कामासाठी 2019 साली सशर्त मान्यता मिळालेले जनुकीय औषधही 2024 साली बाजारातून मागे घेतले गेले. तेव्हा ‘मूळपेशींनी हमखास पाय वाचवू’ अशी जाहिरात दिसल्यास, औषध कोणते, त्याला मान्यता कोणत्या रोगासाठी आहे, हे दोन प्रश्न शाळेतल्या मुलानेही विचारावेत.

बर्गरच्या रोग्याने तंबाखू पूर्ण सोडली, तर पाय वाचण्याची शक्यता फार वाढते. ‘दिवसाला दोनच’ हा सौदा येथे चालत नाही, आणि बिडी टाकून तंबाखू चघळणे हीसुद्धा सुटका नव्हे. एकीकडे पेशी टोचायच्या आणि दुसरीकडे धूर चालू ठेवायचा, म्हणजे खुंटाला पाणी घालून कोवळ्या फुटव्यावर निखारा ठेवण्यासारखे आहे.

रोग लवकर ओळखण्याची रीत मात्र साधी आहे. दंडावर जसा रक्तदाब मोजतात, तसाच घोट्याच्या वर पट्टा बांधून मोजतात. तेथील ठोका ऐकण्यास एक लहानसे ध्वनियंत्र लागते. घोट्याच्या आकड्यास दंडाच्या आकड्याने भागावे. दंडावर 140 आणि घोट्यापाशी 84 भरला, तर भागाकार 0.6 येतो. तो 0.9 पेक्षा कमी आला की पायाच्या धमनीत अडथळा आहे असे समजतात. मधुमेह्यांच्या बाबतीत हे गणित कधी कधी फसवते. त्यांच्या धमन्यांच्या भिंती कडक झालेल्या असल्यामुळे आकडा खोटाच मोठा येतो. अशा वेळी लहान पट्टा पायाच्या अंगठ्याला बांधून पुन्हा मोजणी करतात.