अस्थींचा प्रवास

काशीहून परतणारा यात्रेकरू गंगाजल घेऊन येतो. ओडोरिक या इटालियन ख्रिस्ती साधूने कोकणातून अस्थी नेल्या. इ. स. १३२१ मध्ये ठाण्यास त्याच्या धर्मातील चार साधू मारले गेले व सोपाऱ्यास त्यांचे दफन झाले. काही वर्षांनी ओडोरिक तेथे आला. त्याने त्या अस्थी स्वच्छ वस्त्रात गुंडाळून घेतल्या व तो जहाजावर चढला.

वाटेत वारा पडला. प्रत्येकाने आपापल्या देवाची करुणा भाकली, जहाज हलेना. तांडेलाने बजावले, "वारा न सुटल्यास या अस्थी समुद्रात टाकू!" ओडोरिकने निरुपायाने एक अस्थी गुपचूप सेवकाच्या हाती दिली. ती पाण्यात पडताच वारा सुटला, असे त्याने १३३० साली सांगितलेल्या प्रवासवृत्तात आहे. वारा कशाने सुटला, हे कोण सांगणार? उरलेल्या अस्थी मात्र त्याने चीनमधील आपल्या धर्मबंधूंच्या मठात सुखरूप पोहोचविल्या.