प्रकाशापासून पदार्थ

मलकापूरच्या शिवारात कार्तिक महिन्यात कापसाची बोंडे उमलतात. कोवळ्या उन्हात शेत कसे पांढरेशुभ्र दिसते! ते पाहून एखाद्याच्या मनात येईल, ‘या उन्हाचाच तर कापूस झाला नसेल ना?’

कल्पना मोहक आहे. पण खरी नाही. कपाशीचे झाड हवेतून कार्बन डायऑक्साइड वायू घेते आणि जमिनीतून पाणी शोषते. सूर्यप्रकाशाच्या बळावर ते या दोहोंपासून साखर तयार करते. त्याच साखरेपासून पुढे कापसाचे तंतू बनतात. म्हणजे कापसातील द्रव्य हवेचे व पाण्याचे. ऊन केवळ त्यांची सांगड घालते.

मग प्रकाशाचे द्रव्य कधीच होत नाही काय? होते! वस्तुमान आणि ऊर्जा यांचे एकमेकांत रूपांतर होऊ शकते, असे आइनस्टाइन यांनी १९०५ साली दाखवून दिले. मात्र हा सौदा फार महाग आहे. एक ग्रॅम द्रव्यात सुमारे अडीच कोटी युनिट विजेइतकी ऊर्जा साठलेली असते!

प्रकाश हा फोटॉन नावाच्या कणांचा बनलेला असतो. उन्हातील फोटॉन या कामी फारच दुबळे ठरतात. त्यांच्याहून लाखो पटींनी बलवान असा गॅमा किरणांचा फोटॉन अणुकेंद्राजवळून जाताना नाहीसा होऊ शकतो, आणि त्याच्या जागी दोन कण जन्म घेतात. एक इलेक्ट्रॉन, दुसरा पॉझिट्रॉन. ते जोडीनेच जन्मतात; कारण प्रकाशावर विद्युत् भार नसतो. म्हणून एकाचा ऋण भार दुसऱ्याच्या धन भाराने फिटावा लागतो. निसर्गाचा जमाखर्च असा चोख आहे.

ही घटना प्रयोगशाळेतच घडते असे मात्र नाही. मलकापूरच्या आकाशातही ती अहोरात्र चालू असते. दूर अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळतात व त्यातून गॅमा किरण निर्माण होतात. फोटॉनापासून कणांची जोडी होते, त्या कणांपासून नवे फोटॉन निघतात, त्यांपासून पुन्हा नव्या जोड्या होतात. एकातून अनेक होत कणांचा जणू पाऊसच पडतो! या वर्षावाचे गणित डॉ. होमी भाभा यांनी हाइटलर या शास्त्रज्ञाच्या साहाय्याने १९३७ साली मांडले. १९०९ साली मुंबईत जन्मलेल्या भाभांनी तेव्हा वयाची तिशीही गाठली नव्हती.

दोन फोटॉनांच्या टकरीतूनही द्रव्य निर्माण होईल, असे ब्राइट व व्हीलर यांनी १९३४ सालीच सांगितले होते. त्याचा पुरावा अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेने २०२१ साली जाहीर केला. गणिताने वर्तविलेले सत्य प्रयोगात दिसण्यास सत्त्याऐंशी वर्षे लागली.

पॉझिट्रॉनाचे आयुष्य मात्र अल्प असते. एखादा इलेक्ट्रॉन भेटताच दोघेही लोपतात आणि त्यांचा पुन्हा प्रकाश होतो. मुलांनो, उन्हाचा कापूस होत नाही हे खरे. परंतु त्या कापसाच्या शेतावरील आकाशात प्रकाशाचे द्रव्य आणि द्रव्याचा प्रकाश होतच असतो.

स्वाध्याय

१. कापसातील द्रव्य कोठून येते?
२. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन जोडीनेच का जन्मतात?
३. ‘निसर्गाचा जमाखर्च चोख आहे’ हे वाक्य उदाहरण देऊन स्पष्ट करा.