उंबरठ्यावरची दोन वर्षे

शालान्त परीक्षेनंतरची दोन वर्षे बंगळूरचा विद्यार्थी ज्या संस्थेत काढतो, तिला तेथे ‘पी.यू. कॉलेज’ म्हणतात. पी.यू. म्हणजे विद्यापीठपूर्व. महाराष्ट्रात याच टप्प्याला ‘कनिष्ठ महाविद्यालय’ असे नाव आहे. दोन्ही नावांचा रोख एकच आहे. या वर्षांची ओळख त्यांच्यापुढे जे यावयाचे असते त्यावरून ठरविली जाते.

या नावाला इतिहास आहे. पूर्वी शाळा व पदवी यांच्यामध्ये विद्यापीठाच्या देखरेखीखाली एक वर्षाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम असे. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ च्या अहवालात हा टप्पा दोन वर्षांचा करून शालेय शिक्षणात सामावून घ्यावा, असे सुचविले. दहावीनंतर शिकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी व्यवसायशिक्षणाकडे वळावे, हेही आयोगास अभिप्रेत होते. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, दोन वर्षांचा अभ्यासक्रम १९७१ मध्ये सुरू झाला. टप्पा लांबला, परंतु व्यवसायशिक्षणाचे उद्दिष्ट मागेच राहिले.

या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यास दोन भाषा व चार ऐच्छिक विषय घ्यावे लागतात. कला, वाणिज्य की विज्ञान, हा निर्णय सोळाव्या वर्षीच करावा लागतो. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याची गुणवत्ता भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या तीनच विषयांवरून ठरते. साहजिकच भाषेचा तास हा त्याला अडथळा वाटू लागतो. वस्तुतः आपले म्हणणे नेमकेपणाने मांडण्याची सवय जडण्याचे वय हेच होय.

दुसरी वाटही आहे. शालान्त परीक्षेनंतर कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जातो, तर कोणी तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेतो. पदविकाधारकास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. म्हणजे ही वाट बंद गल्लीत संपत नाही. तरीही तिच्याकडे मागे पडलेल्यांची वाट म्हणूनच पाहिले जाते.

ज्या टप्प्याचे नावच विद्यापीठावर बेतलेले आहे, तेथून थेट कामावर जाणारा मुलगा अर्ध्यावर थांबलेला ठरतो. त्याने दोन वर्षांत काय कमावले, हे कोणी विचारीत नाही. उंबरठा हा केवळ ओलांडण्यासाठी असतो असे मानले, की त्यावर उभे राहून दोन्ही बाजूंना पाहण्याची संधी हातची जाते. या वयाला खरी गरज असते ती त्या संधीचीच.