डोळ्याची राखण



भाताची कापणी झाली, भारे खळ्यावर आले, की आपल्या शहापूर-मुरबाडकडे झोडणी सुरू होते. तूस उडते, पेंढ्याची काडी उडते. एखादे कुसळ डोळ्यात जाते. आपण पंच्याने डोळा चोळतो आणि पुन्हा कामाला लागतो. बहुतेक वेळा डोळा आपोआप बरा होतो. पण एखाद्या वेळी होत नाही. असे का, ते आज समजून घेऊ.

एक हकिगत

आमच्या गावच्या एका शेतकऱ्याच्या डोळ्याला झोडणीत पेंढ्याची काडी लागली. दोन दिवस डोळा खुपला. चौथ्या दिवशी लाल झाला. घरात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली औषधाची बाटली होती. तीच त्याने डोळ्यात घातली. दोन दिवसांत लाली उतरली. मला म्हणाला, "मास्तर, औषध लागू पडलं बघा." मीही "बरं झालं" म्हणालो. ती माझी चूक. मी त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे धाडायला हवे होते.

पुढे बुबुळावर पांढरा ठिपका आला. ठिपका वाढत गेला. तीन आठवड्यांनी तो डॉक्टरकडे गेला. डोळ्यात बुरशी वाढली होती. डोळा राहिला, पण त्यात फूल पडले. त्या डोळ्याने त्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो.

कुंपण आणि राखणदार

पावसाळ्यात भाकरीवर, चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, ती तुम्ही पाहिली आहे. तिचे बी धुळीहून बारीक असते. ते मातीत, पाल्यावर, पेंढ्यावर असते. रोज आपल्या डोळ्यातही जाते. मग रोज रोग का होत नाही? कारण डोळ्याला राखण आहे.

पहिली राखण पापणीची. दुसरी अश्रूंची. अश्रू घाण धुऊन नेतात. शिवाय त्यांत जंतू मारणारे द्रव्य असते. अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाने ते १९२२ साली ओळखले. पुढे १९२८ साली पेनिसिलीनचा शोध लागला, तो यांनाच. तिसरी राखण बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याची. हा पडदा अखंड असला तर बुरशी आत शिरत नाही. काडीने ओरखडा पडला, की कुंपणाला भोक पडते.

मग चौथे राखणदार धावतात. ते म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. काचेसारख्या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून या पेशी कडेच्या पांढऱ्या भागातून येतात. तेथल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि डोळा लाल दिसतो. म्हणजे लाली ही राखणदार निघाल्याची खूण आहे.

बुरशी मुळांसारखे धागे सोडते. धागा पेशीपेक्षा लांब असतो, तो गिळता येत नाही. म्हणून पेशी त्याला घेरतात आणि त्याच्यावर जहाल द्रव्य सोडतात. बुरशी मरते, पण पडदाही थोडा विरघळतो. शेतात रानडुक्कर शिरले, तर आपण काठ्या घेऊन धावतो. डुक्कर मरते, पण भातही तुडवले जाते. तसेच हे आहे. लढाई जितकी लांबते, तितके नुकसान जास्त. जखम भरल्यावर उरतो तो पांढरा डाग. त्यालाच आपण फूल म्हणतो.

राखणदारांचे हात बांधले तर

त्या बाटलीत काय होते? स्टेरॉइड नावाचे औषध. ते सूज उतरवते. ऑपरेशननंतर डॉक्टर ते मुद्दाम देतात, आणि तेथे ते योग्यच असते. पण ते पांढऱ्या पेशींचे हात बांधते. आरडाओरडा थांबला, म्हणून आपण समजतो डुक्कर गेले. खरे तर राखणदार झोपले आहेत, आणि डुक्कर शेत खात आहे.

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात पुष्कळ लोकांना काळ्या बुरशीचा रोग झाला. ती बुरशी वेगळी. ती नाकावाटे शिरून डोळ्यापर्यंत पोचे. कित्येकांचा जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागला. त्यांतील बहुतेकांना मधुमेह होता, किंवा त्यांना स्टेरॉइड दिलेले होते. तेथेही राखण ढिली पडली होती. म्हणून मधुमेह असणाऱ्याने डोळ्याची जास्त काळजी घ्यावी.

वेळेचे मोल

नेपाळात भक्तपूर येथे गावच्या कार्यकर्त्यांनी एक प्रयोग केला. डोळ्याला ओरखडा पडलेल्यांना ते लगेच जंतुनाशक मलम देत. २००१ साली त्याचा निष्कर्ष छापला गेला. १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्यांपैकी कोणाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. उपाय साधा होता, पण वेळेवर होता.

उशीर झालाच, तर डॉक्टर जखमेचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशी असेल तर नाटामायसीनसारखे बुरशीचे औषध देतात. ते कित्येक आठवडे घालावे लागते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

ध्यानात ठेवा

१. डोळ्यात काही गेले तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा.
२. पाल्याचा रस, तूप, मध, दूध घालू नका.
३. दुसऱ्याची किंवा उरलेली बाटली वापरू नका. दुकानातून विचारून औषध आणू नका.
४. डोळा खुपत राहिला तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांना दाखवा. शहापूरला आणि मुरबाडला सरकारी रुग्णालय आहे. "काडी लागली होती," हे आवर्जून सांगा.
५. झोडणीच्या वेळी साधा चष्मा लावा. लोक हसतील, तर हसू द्या.

प्रश्न

१. डोळा लाल का होतो?
२. लाली उतरली, तरी रोग गेला असे का म्हणता येत नाही?
३. तुमच्या घरात डोळ्याच्या औषधाची जुनी बाटली आहे का? असल्यास आजच तिचे काय कराल?